वॉट वाढवून वारा हरत नाही

लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली की तिच्यावर काय काय चढवायचे, याची यादी आता सगळ्यांना पाठ आहे. क्रॅश गार्ड, मागे दोन सॅडल बॅगा, मोबाइलचा होल्डर, फॉग लॅम्प आणि हँडलच्या दोन बाजूंना दोन स्पीकर. स्पीकर लावल्यावर थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते की, गावात झकास वाजतो, पण हायवेला लागले की काही ऐकू येत नाही. या तक्रारीवर दुकानदारापासून ग्रुपमधल्या जुन्या रायडरपर्यंत सगळ्यांचे उत्तर एकच असते : वॉट वाढवा. मोठा अँप्लिफायर टाका, चार इंचीच्या जागी साडेसहा इंची स्पीकर बसवा, जमलेच तर सॅडल बॅगेत बेस बॉक्स ठेवा.

हे उत्तर साफ चुकीचे आहे. ते आवाजाच्या हिशेबात बसत नाही, गाडीच्या बॅटरीला झेपत नाही, चालवणाऱ्याचे कान कायमचे खराब करते आणि रस्त्याकडेच्या माणसाला विनाकारण छळते. तरीही ते इतक्या खात्रीने दिले जाते की, त्यावर शंका घेणारा माणूस गाण्यांचा आणि तरुणांचा वैरी ठरतो.

धाराशिव जिल्ह्यात तर या मताची झाडाझडती घेणे फार गरजेचे आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा असा बीडकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता वेगाने पळवतो. नळदुर्ग आणि उमरग्यावरून हैदराबादला जाणारा ६५ क्रमांकाचा महामार्गही याच जिल्ह्यातून जातो. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा पाहायला, एरवी परंड्याचा किल्ला किंवा तेरला गोरोबाकाकांचे मंदिर पाहायला दुचाकीवरून येणारे पुष्कळ आहेत. त्याच रस्त्यांवर नवरात्रात आणि कोजागरीला अनवाणी चालणारे भाविक असतात. तुळजापुरात भवानी ज्योत पेटवून गावाकडे पळत निघालेली पोरे असतात. हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. अशा रस्त्यावर मोटारसायकलस्वाराला काय ऐकू यावे आणि त्याने इतरांना काय ऐकवावे, हे एकट्याच्या हौसेवर सोडता येत नाही.

वॉटवाल्यांची बाजू आधी पूर्ण मांडायला हवी. ते म्हणतात, टूरिंग म्हणजे दिवसाचे सहा-आठ तास गाडीवर; तेवढा वेळ गाण्यांशिवाय काढायचा कसा? होंडा, हार्ले, बीएमडब्ल्यू यांच्यासारख्या कंपन्या आपल्या सर्वांत महागड्या टूरिंग गाड्यांना स्पीकर देतात, त्यात काही अर्थ असल्याशिवाय देतील का? कानात काही घालून चालवणे धोक्याचे. स्पीकर बाहेर असला की कान मोकळे राहतात. रात्री गाणी मोठ्याने लावली की डुलकी लागत नाही. पुढच्याला मागून गाडी येतेय हे कळते. आणि सर्वांत ठासून सांगितले जाणारे शेवटचे : ट्रॅक्टरवाला वाजवतो, वरातीत डीजे वाजतो, मग मोटारसायकलवाल्यानेच काय पाप केले आहे?

सुरुवात वाऱ्यापासून करावी लागते, कारण सगळी गफलत तिथेच आहे. ताशी ६०-६५ किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज इंजिनाच्या आवाजाला मागे टाकतो. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आत, कानापाशी, सुमारे १०० डेसिबल आवाज असतो. हेल्मेट, चालवणाऱ्याची उंची आणि पुढची काच यांप्रमाणे तो थोडा कमी-जास्त होतो. हा आवाज हेल्मेटच्या खालच्या कडेला, हनुवटी आणि मानेजवळ, हवेच्या भोवऱ्यांतून तयार होतो आणि त्यात खालच्या पट्टीचा घुमणारा भाग सर्वाधिक असतो. हेल्मेटचे थर्माकोल आणि फोम वरच्या पट्टीचे आवाज बऱ्यापैकी अडवतात, खालच्या पट्टीचे जवळजवळ अडवत नाहीत. शिवाय खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतले आवाज कानात झाकून टाकतो, हे श्रवणशास्त्राने कधीच सिद्ध केलेले आहे. म्हणून हायवेवर गाण्याचे शब्द आणि बासरीचे सूर आधी नाहीसे होतात आणि नुसता ठेका धपधपत राहतो. अशा वेळी बेस वाढवायला सांगणारा माणूस, कानाशी जे आधीच नको तितके आहे, त्यातच भर घालायला सांगत असतो.

आता वॉटचा हिशेब. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे २० वॉटच्या जागी ४० वॉट टाकले तर फरक जेमतेम जाणवेल. आवाज खरोखर दुप्पट वाटायचा तर २०० वॉट हवेत. हे वॉटही खरे असायला हवेत. स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सतत देता येणारी ताकद, जिला आरएमएस म्हणतात, ती त्याच्या कितीतरी खाली असते आणि गिऱ्हाइकाला ती क्वचितच सांगितली जाते.

तरी सगळे मनासारखे जुळले असे धरले तर? एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा चांगला स्पीकर आणि त्याला खरे ५० वॉट. एक मीटरवर १०७ डेसिबल झाले. पण गाणे सलग कमाल पातळीवर वाजत नसते. त्याची सरासरी १० डेसिबलने तरी खाली असते. उरले ९७, दोन स्पीकरचे मिळून १००. हेल्मेट त्यातली वरची पट्टी आणखी कापते. एवढा खर्च करून स्पीकर वाऱ्याच्या बरोबरीलाही नीट येत नाही. आणखी वॉट ओतून तो वरचढ झालाच, तर हाती काय लागते? अमेरिकेतील नायॉश ही संस्था कामाच्या ठिकाणच्या आवाजाची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी सांगते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते, १०६ ला चार मिनिटांच्याही खाली जाते. धाराशिवहून निघालेल्याची ती १५ मिनिटे तुळजापूरच्या आसपासच संपतात, सोलापूर तर पुढे राहिले. तेही स्पीकर बंद असताना, नुसत्या वाऱ्याने. त्यावर गाण्याचा थर चढवायचा म्हणजे स्पीकर हरला तर पैसे गेले आणि जिंकला तर कान गेले.

कान जाणे म्हणजे एका रात्रीत बहिरे होणे नव्हे, म्हणूनच कोणी ते मनावर घेत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. माणसाला बोलणे ऐकू येते पण स्पष्ट कळत नाही. गर्दीत, लग्नात, बाजारात समोरच्याला पुन्हापुन्हा विचारावे लागते. कित्येकांच्या कानात कायमची शिट्टी वाजत राहते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी २०१९ मध्ये गाणी ऐकण्याच्या उपकरणांसाठी जो दंडक घातला, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित सीमा धरली आहे. रविवारच्या एका राइडमध्ये ही सीमा कितीदा ओलांडली जात असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. विशी-पंचविशीतल्या मुलांना हे कुणीच सांगत नाही. दुकानात सांगतात तो फक्त नवा अँप्लिफायर.

विजेची गोष्टही तशीच. ३५० सीसीच्या रॉयल एनफील्डसारख्या गाड्यांची बॅटरी १२ व्होल्ट आणि साधारण ८ अँपिअर-अवरची असते. कागदावर ४०० वॉटचा अँप्लिफायर पूर्ण ताकदीने चालवायचा तर त्याला ३३ अँपिअर लागतील. गाडी बंद असताना अशी बॅटरी पाव तासही टिकायची नाही. गाडी चालू असताना तयार होणाऱ्या विजेवर आधीच हेडलाइट, फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस यांचा हक्क आहे. हेडलाइट तर एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांवर बंदच करता येत नाही. त्यात हेडलाइटच्या वायरमधून सप्लाय ओढला, फ्यूज घातला नाही, जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला, की पहिल्या पावसात त्या जोडात पाणी शिरते. सांगलीला जाऊन आलेली गाडी घरी येऊन सुरू होत नाही आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. हँडलवर चढवलेले वजन वेगळेच. वळणावर आणि खड्ड्यात ते हातांना जाणवते आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीने त्याचा क्लॅम्प ढिला होत जातो.

मग मोठ्या कंपन्या स्पीकर का देतात? हा प्रश्न वॉटवाल्यांचे सर्वांत मोठे हत्यार आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये आली तेव्हा तिला ना फेअरिंग होती ना रेडिओ. १९८० मध्ये इंटरस्टेट हे रूप आले. त्यात कारखान्यातूनच बसवलेली मोठी फेअरिंग आणि काच होती, आणि ध्वनियंत्रणा ऐच्छिक होती. हा क्रम महत्त्वाचा आहे : वारा आधी अडवला, गाणे नंतर आले. आजच्या गोल्ड विंगचे इंजिन सहा सिलिंडरचे, १,८३३ सीसीचे आहे, टूर मॉडेलचे वजन चारशे किलोच्या जवळ जाते आणि भारतात तिची किंमत चाळीस लाखांच्या घरात आहे. तिची वर-खाली होणारी काच चालवणाऱ्यासमोर शांत हवेचा कप्पा तयार करते, स्पीकर त्या कप्प्यात तोंड करून बसवलेले असतात आणि वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-जास्त होतो. हार्लेच्या रोड ग्लाइडचे किंवा बीएमडब्ल्यूच्या आर १८ ट्रान्सकॉन्टिनेंटलवरच्या मार्शल स्पीकरचे फोटो पाहून, काच नसलेल्या उघड्या गाडीच्या हँडलला दोन डबे बांधले की तो कप्पा येतो का? काच नसेल तर त्या स्पीकरमागचे सगळे गणितच कोसळते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कधी ऐकू येत नाही. एवढे स्पीकर असूनही गोल्ड विंगला हेल्मेटमधल्या हेडसेटची सोय गेली कित्येक वर्षे आहे. २०१८ ची गोल्ड विंग ही ॲपल कारप्ले असलेली पहिली मोटारसायकल, आणि तिच्यावर हेडसेट जोडल्याशिवाय कारप्ले सुरू होत नाही. मोटारसायकलवर स्पीकर लोकप्रिय करणाऱ्या कंपनीने स्वतःच मार्ग सांगण्याचे आणि फोनचे काम हेल्मेटच्या आत नेले. तिचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

'कान मोकळे राहतात' हा मुद्दा ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे. ज्याच्या कानावर १०० डेसिबल वारा आणि १०० डेसिबल गाणे एकाच वेळी आदळते आहे, त्याचे कान मोकळे कसे? त्याला मागच्या ट्रकचा हॉर्न कसा ऐकू येणार? याउलट, फोमचे साधे इअरप्लग घातले की वारा, हॉर्न, इंजिन सगळेच खाली येते. त्यांचे आपसातले प्रमाण फारसे बदलत नाही, पण कानावरचा मारा थांबतो आणि हॉर्न वेगळा ओळखू येतो. गोंगाटाच्या कारखान्यात कानात बोळे घालूनही माणसे एकमेकांचे बोलणे समजू शकतात, ते याच कारणाने. सरावाने नीट बसवलेला इअरप्लग १५-२० डेसिबल तरी खाली आणतो. म्हणजे १०० चे ८०-८५ होतात आणि १५ मिनिटांची मर्यादा काही तासांवर जाते. एवढा फायदा देणारा दुसरा कोणता ऑडिओ अपग्रेड पन्नास-शंभर रुपयांत मिळतो?

कानात घट्ट बसणारे इअरफोन घालून ते वाऱ्यापेक्षा मोठे करणे हेही तितकेच वाईट, हे इथेच स्पष्ट केले पाहिजे. तिथेही वाऱ्याशी स्पर्धाच चालते, फक्त स्पीकर कानाच्या पडद्याच्या आणखी जवळ असतो. योग्य रचना वेगळी आहे. आधी इअरप्लगने आणि काचेने आवाज खाली आणायचा, मग हेल्मेटच्या कानाच्या खोबणीत बसवलेल्या चपट्या स्पीकरमधून तेवढाच आवाज सोडायचा जेवढा शब्द कळायला लागतो. हा स्पीकर कानापासून एक-दोन सेंटिमीटरवर असल्याने त्याला वॉटचा अगदी छोटा अंश पुरतो. बॅटरी तळहातात मावते, गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही. कार्डो, सेना या परदेशी आणि बंगळुरूच्या ब्लूआर्मर या देशी कंपनीची अशी उपकरणे बाजारात आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ हातात धरलेल्या फोनला धोकादायक वाहन चालवण्यात धरते. होल्डरमधला नकाशा पाहण्यासाठी पुन्हापुन्हा मान खाली घालण्यापेक्षा 'पुढे डावीकडे' हे कानात ऐकणे केव्हाही बरे. ही उपकरणे बसवताना हेल्मेटचे थर्माकोल मात्र कधीही कापू नये. जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही, आणि आतले थर्माकोल कोरले की त्या शिक्क्यामागची सगळी चाचणी वाया जाते.

इथे एक कटू सत्य सांगावे लागते. हँडलवरचा स्पीकर ज्यांना 'मस्त ऐकू येतो', त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावर हेल्मेट नसते. स्पीकर ऐकण्यासाठी कान उघडे ठेवायचे आणि कान उघडे ठेवण्यासाठी डोके उघडे ठेवायचे, अशी ही साखळी आहे. कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते. ज्या अपग्रेडचा आनंद घेण्यासाठी हेल्मेट काढावे लागते, त्याला अपग्रेड म्हणण्याचा हक्क कुणाला आहे?

झोपेचे कारण रात्री प्रवास करणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असते. ब्रिटनमधील लफबरा विद्यापीठात लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी झोप आलेल्या चालकांवर थंड हवा आणि रेडिओ या दोन उपायांची चाचणी केली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्ही उपाय फार तर तात्पुरते ठरले. गाडी थांबवायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत उपयोगी पडतील इतपतच. खरा उपाय म्हणून त्यांनी थांबणे, कॉफी आणि छोटी डुलकी हे सांगितले. रात्री दोन वाजता येरमाळ्याच्या पुढे डोळे मिटायला लागले, तर कोणताही बेस बॉक्स त्या माणसाला वाचवणार नाही. ढाब्यावरची खाट वाचवेल.

पुढच्याला कळावे म्हणून वाजवतो, हे समर्थन तर पुराव्यापुढे टिकतच नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात ठळक कारण निघाले ते समोरच्या वाहनचालकाला मोटारसायकल न दिसणे. धोका बहुतेक वेळा पुढच्या बाजूने येतो आणि उपाय दिसण्याचा आहे. भारतात हेडलाइट सतत चालू ठेवण्याचा नियम आला तो याच विचाराने. काच बंद करून एसी लावलेल्या मोटारीतल्या माणसाला हँडलवरचा स्पीकर ऐकू जात नाही. ऐकू जातो तो चालणाऱ्याला, सायकलवाल्याला आणि घरात झोपलेल्याला.

या रस्त्याकडेच्या माणसांच्या वाट्याला किती आवाज येतो? वरच्याच हिशेबातले दोन स्पीकरचे १०० डेसिबल अंतर दुप्पट होताना दरवेळी ६ ने कमी होतात. आठ मीटरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, ते ८२ उरतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सरासरी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाडीवरचा माणूस म्हणेल, मी तर दोन मिनिटांत निघून जातो. पण त्याच्यामागे दुसरा असतो, दुसऱ्यामागे तिसरा, आणि महामार्गाकाठच्या घरातले तान्हे मूल कुठेही निघून जाऊ शकत नाही. येडशीच्या रामलिंग घाटातून ५२ क्रमांकाचा महामार्ग जातो तिथे अभयारण्य आहे. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ याच अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. या जंगलातून जाताना स्पीकर फुल्ल ठेवण्याचे कोणते कारण पटेल?

राहिला प्रश्न 'बाकीचेही वाजवतात' हा. उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णकर्कश साउंड असतो, हे खरे आहे. त्या चालकाला मागून येणारा हॉर्न ऐकू येत नाही आणि त्याच्या ट्रॉलीला अनेकदा रिफ्लेक्टरही नसतो. या धोक्याचा सर्वांत पहिला बळी कोण ठरतो? मोटारसायकलवाला. ज्या आवाजामुळे स्वतःचा जीव धोक्यात येतो, त्याच आवाजाचा दाखला देऊन स्वतः वाजवायचे, हा कुठला न्याय? वरातीतला डीजे चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे. त्याने मोटारसायकलवरचा स्पीकर बरोबर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात हे निःसंदिग्ध सांगितले आहे : बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला ऐकायला भाग पाडता येत नाही, आणि गोंगाटाशिवाय जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. 'माझी गाडी, माझी मर्जी' या वाक्याला त्या निकालानंतर काही आधार उरलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाच्या मानकांचा भंग करणारे वाहन रस्त्यावर चालवल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, इतकी तरतूद आहे.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते म्हणतात, खऱ्या रायडरने इंजिन ऐकावे, गाणी नकोतच. त्यांच्याशी वाद घालण्याची गरज नाही. ताशी ९० ला ते इंजिन ऐकत नसतात, वाराच ऐकत असतात. आठ तासांच्या प्रवासात भीमसेन जोशी ऐकावेसे वाटले, भारूड ऐकावेसे वाटले, मागे बसलेल्या बायकोशी बोलावेसे वाटले, तर ते अगदी योग्य आहे. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर हे सगळे सहज होते. ज्योत घेऊन पळणाऱ्या मुलांबरोबरच्या गाड्यांनी हाच इंटरकॉम वापरला, तर पुढचा खड्डा आणि मागचा ट्रक यांची खबर वेळेत पोचेल आणि पोरांची शक्तीही शाबूत राहील.

म्हणून टूरिंग गाडीवरचा आवाज सुधारायचा, तर क्रम असा हवा. आधी डोक्याला घट्ट बसणारे आणि मानेपाशी फट न सोडणारे हेल्मेट. मग गाडीच्या काचेची उंची अशी, की भोवरे हेल्मेटवर न आदळता वरून जातील. उंच काच नेहमीच चांगली नसते, आधी दुसऱ्याची गाडी चालवून पाहावी. मग इअरप्लग. या तिन्हींनंतर हेल्मेटमधले स्पीकर. स्पीकरची पाळी शेवटी येते, कारण शांतता आली की त्याला फारसे काही करावे लागत नाही. अँप्लिफायर, साडेसहा इंची डबे आणि बेस बॉक्स यांना या क्रमात जागाच नाही. जे दुकानदार त्यांना आधी ठेवतात, ते गिऱ्हाइकाचे ऐकणे विकत आहेत, सुधारत नाहीत.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब इथल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांनी काउंटरवर इअरप्लगची पाकिटे ठेवावीत आणि हँडलवरच्या स्पीकरसाठी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ती दाखवावीत. रायडिंग ग्रुपांनी राइडच्या नियमांत बाहेरचे स्पीकर बंद हा एक नियम घालावा. आणि ज्यांच्या गाडीवर ते डबे आधीच चढले आहेत, त्यांनी पुढच्या नवरात्रापूर्वी ते उतरवावेत.